नवाब, नत्थुजी पेंटर आणि तिवशाची भिंत

अमरावती,
डिसेंबर १९६१

तीर्थरूप शेषरावमामा यांस,

धर्मपालचा सविनय जयभीम. मामींना आम्हा दोघांचा जयभीम, चारुशीलाला आशीर्वाद. इकडे सारे खुशाल. अकोल्यात यंदा थंडी बोचरी पडली म्हणतात, तेव्हा सकाळी फिरायला निघताना कानाला मफलर बांधत जावा आणि डॉक्टरांनी गुडघ्यासाठी दिलेलं तेल गुडघ्यालाच लावावं. (मामी लिहितात की तुम्ही ते दाराच्या कडीला घातलंत आणि कडी बरी झाली.)

तुमच्या पत्रात एकच ओळ होती : 'कुत्र्यासाठी शाळेतून रजा काढून तू तिवशाला गेलास हे खरं काय?' खरं आहे, मामा. पण एका ओळीच्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देण्याची विद्या मी मुलांना शिकवतो, मला स्वतःला साधत नाही. चष्मा पुसून घ्यावा.

नवाबला तुम्ही पाहिलेलं नाही. रंग भाजताना डाग पडलेल्या भाकरीसारखा, एक कान उभा, एक पडलेला, आणि चाल अशी की गल्ली त्याच्या वाडवडिलांनी वसवली असावी. दोन वर्षांपूर्वी तो माझ्या तिसरीच्या वर्गात शिरला, पाढे संपेपर्यंत शांत बसला (जे तिसरीतल्या कुणालाही जमलेलं नाही) आणि माझ्यामागे घरी आला. रमा म्हणाली, "हे ध्यान मले घरात नाई पाह्यजे." दुसऱ्या दिवशी त्या ध्यानाखाली पोतं आलं, आणि काही दिवसांत ते पोतं उन्हात वाळत घातलेलं मी पाहिलं. पुढ्यात भाकर टाकली तरी "खा ना बावा" असं कुणी म्हटल्याशिवाय तोंड लावत नाही, म्हणून नाव नवाब. शेजारच्या पार्बताबाई नळावर निघाल्या की हा पुढे. वाटेत गाय असेल तर आधी गायीशी बोलून घेतो, मग बाईंना येऊ देतो.

आता नत्थुजी पेंटर. हे मागच्या गल्लीत राहतात, आपल्याच समाजातले. गळ्यात रेशमी रुमाल, कानावर कुंचला, आणि बोलण्यात उस्तादी थाट. लग्नघराच्या भिंतीवर हत्ती, पोपट, भालदार-चोपदार काढावेत तर नत्थुजींनीच. फक्त चित्राखालची सही कधी कधी हत्तीपेक्षा मोठी होते, एवढंच. आमच्या चौकातल्या व्यायामशाळेनं त्यांना भिंतीवर वाघ काढायला सांगितला. वाघ त्यांनी आजवर पाहिला तो काडीपेटीवर. "गुरुजी, जिवंत नमुना पाह्यजे," म्हणून ते आमच्या दारात आले आणि नवाबला घेऊन गेले. नवाब त्यांच्यासमोर संध्याकाळभर असा बसला, जणू दरबार भरवला आहे.

मामा, चित्र काय उतरलं म्हणून सांगू! पट्टे वाघाचे, मिशा वाघाच्या, पण एक कान पडलेला आणि चेहऱ्यावर भाव असा की आत्ताच तुमची ख्यालीखुशाली विचारली. व्यायामशाळेचे वस्ताद पाहायला आले. म्हणाले, "नत्थुजी, हा वाघ चावते का शेपूट हालवते?" नत्थुजींनी कुंचला पुसला. "वस्ताद, दात दाखवाची गरज कमजोर वाघाले असते." वस्तादांना हे पटलं. मलाही पटलं. इतवारा बाजारातून माणसं चित्र पाहायला येऊ लागली, आणि नवाब त्याखाली बसून सगळ्यांना भेटी देऊ लागला.

इथवर सारं आनंदाचं. दसऱ्याला मोहल्ल्याचा ट्रक नागपूरला दीक्षाभूमीवर निघाला तेव्हा आम्हीही गेलो. नवाबला पार्बताबाईंच्या ओसरीवर खाटेला बांधलं होतं. परत आलो तर खाट अंगणाच्या फाटकापर्यंत ओढत नेलेली, दोरी कुरतडलेली आणि नवाब नाही. पार्बताबाई रडत म्हणाल्या, "तुमच्या टरकाच्या मागं पळाला, गुरुजी. म्या आवाज देल्ला, पन वळूनई नाई पाह्यलं त्यानं."

त्यानंतरचे दिवस मी विनोदानं लिहू पाहतो, जमत नाही. बडनेऱ्यापर्यंत सायकलनं हिंडलो, भातकुलीच्या बाजारात विचारून आलो. नागपूरच्या सडकेवर सायकल जाईल तितका गेलो, पण सडक फार लांब होती. रमा सवयीनं जास्तीची भाकर थापायची आणि मग ती टोपलीत तशीच झाकून ठेवायची. तिच्याकडे पाहायचं नाही एवढं मी ठरवलं होतं.

तेवढ्यात नत्थुजी आले. "नवाबचा फोटो आहे काय?" मी म्हटलं, आमच्या लग्नाचा फोटो नाही, कुत्र्याचा कुठून असणार? त्यांनी रुमाल मागे टाकला. "मंग मी कशाले आहे?"

आणि त्या माणसानं, मामा, पोटापाण्याची कामं बाजूला ठेवून शहरभर नवाब काढला. गेरू, काजळी आणि चुना. अंबागेटाकडे एक बसलेला, बसस्टँडच्या वाटेला एक धावणारा, धान्यबाजारात एक नुसतंच तोंड, पण डोळे असे की बाजारकरणी थबकाव्यात. भिंतमालकांना विचारून काढले. (बहुतेकांना.) खाली अक्षरं : 'याले पाह्यलं काय?' आणि त्याखाली, त्याहून मोठी : 'पेंटर नत्थुजी'. घाईत माझा पत्ता राहिला. परिणाम असा की अर्ध्या गावाला वाटलं, कुत्रा छाप नवी बिडी निघाली. पानठेल्यांवर लोक ती मागू लागले. एका व्यापाऱ्यानं तर मला रस्त्यात गाठून भातकुलीची एजन्सी मागितली. पत्ता घातल्यावर माणसं कुत्रे घेऊन येऊ लागली. काळे आले, पांढरे आले, एक बकरीही आली. आणणाऱ्याचं म्हणणं, "कान पाहा ना गुरुजी, कान पडेलच आहे."

शेवटी काम केलं ते एका ट्रकनं. नागपूरला संत्री नेणाऱ्या एका ड्रायव्हरनं मागच्या फळीवर मोर काढायला ट्रक नत्थुजींकडे ठेवला होता. घ्यायला आला तर फळीवर नवाब. ड्रायव्हर तापला. नत्थुजी शांतपणे म्हणाले, "मोर तं साऱ्याच टरकावर असते. मोर हरपला आहे काय कोनाचा?" ड्रायव्हर शिव्या देत निघाला आणि तिवशाला चहाला थांबला. तिथे सडकेला लागून केशरबाईंचं हॉटेल आहे. बाई एकट्याच ते चालवतात. त्यांनी ट्रकची मागची फळी पाहिली आणि किटली हातातच राहिली.

नवाब आमचा ट्रक गाठायला तिवशापर्यंत धावला होता, मामा. पायाचे तळवे सोलून निघालेले. केशरबाईंनी हळद-तेल लावून चिंध्या बांधल्या, ताटातलं भरवलं आणि त्याचं नाव ठेवलं पाहुणा. दिवसभर सडकेकडे तोंड करून बसायचा म्हणून. ड्रायव्हरबरोबर त्यांनी निरोप धाडला : "तुमचं जनावर माह्यापाशी हाय. घेऊन जा. पन घाई नका करू."

मी रजा काढली ती इथे. सोबत रमा, आणि चित्र मूळ नमुन्याशी ताडून पाहायचं आहे म्हणून नत्थुजी. आम्हाला पाहून नवाब धावला नाही. सावकाश आला आणि माझ्या गुडघ्यांत डोकं घालून उभा राहिला. रमा मोठ्यानं रडली. मी मास्तर असल्यामुळे समोरच्या लिंबाच्या झाडाकडे पाहत होतो.

केशरबाई पाठ करून कप धूत होत्या. म्हणाल्या, "न्या. पाहुना म्हटलं का जानारच." आम्ही सडकेवर आलो. नवाब आमच्याबरोबर आला, वळून बाईंकडे गेला, पुन्हा आला, आणि शेवटी मधोमध बसून राहिला. अमरावतीची मोटर भोंगा वाजवत होती. काय करावं ते कुणालाच सुचेना.  मग नत्थुजींनी पिशवीतून रंगाचे डबे काढले. "बाई, तुमची भिंत उदास दिसून राह्यली."

"रंगवा," बाई न वळता म्हणाल्या. "पन कान बराबर काढजा."

ती मोटर गेली, पुढचीही गेली. भिंतीवर नवाब उतरला. सडकेकडे नाही, हॉटेलाच्या आत पाहणारा, चुलीजवळ बसलेल्या माणसाकडे. मी इतकं चांगलं चित्र पाहिलेलं नाही. खाली सही नव्हती. मी आठवण करून दिली तर नत्थुजी हळूच म्हणाले, "हे बाईचं आहे, गुरुजी." केशरबाईंनी चित्राच्या पडलेल्या कानाखाली, रंग ओला होता म्हणून नुसतं हवेतच, खाजवल्यासारखं केलं. मग खऱ्या नवाबला दोन्ही हातांनी उचलून स्वतः मोटरीत ठेवलं.

असा रजेचा हिशेब. तब्येतीला जपावं.

आपला भाचा,
धर्मपाल

ता. क. : वरचं सारं खरं आहे, पण एवढं लांबण लावलं ते नत्थुजी काय दर्जाचे गृहस्थ आहेत हे तुम्हाला कळावं म्हणून. त्यांची पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. केशरबाईंचे यजमानही हयात नाहीत. रंगाला दुसरा हात द्यायचा म्हणून नत्थुजी दर रविवारी तिवशाला जातात. बाईंचे थोरले भाऊ देवराव अकोल्यात तुमच्या कापसाच्या जिनिंगमध्येच आहेत, आणि ते तुमच्याखेरीज कुणाचं ऐकत नाहीत असं कळतं. आपण त्यांच्या कानावर या दोघांबद्दल शब्द घालावा.

दुसरा ता. क., रमाच्या हातचा : मामाजी, जयभीम. ह्यायनं रविवार लिवलं, नत्थुजी बुधवारीबी जातेत. देवरावभाऊकडं लौकर जा. हाटेलाची भिंत सरली, आता ते मांगचा गोठा रंगवून राह्यले. आन् बाई त्याईले चुना कालवून देऊन राह्यल्या.