टोफूचा रोल आणि मांजर

अहो,

लेक-जावयांना आणायला मी स्टेशनवर जातेय. फ्रिजमध्ये कापडात गुंडाळलेला टोफूचा रोल आहे, तो लगेच ओव्हनमध्ये ठेवू नका. आधी हे वाचा.

काल मी टोफू जड तव्याखाली दाबून पाणी काढलं, मशरूम आणि मसाला घालून मळला, रोल वळला आणि कापडाला निरगाठ मारली. आज सकाळी तिथे सुरगाठ आहे, तुमच्या बुटांना असते तशी. आणि एरवी टोफूकडे ढुंकूनही न बघणारी मांजर सकाळपासून फ्रिजसमोरून हलत नाहीये.

मी आळ घेत नाही. पण मागच्या सुट्टीत तुम्ही सूपमध्ये "नुसतं चवीपुरतं" चिकनचं पाणी घातलंत. शाकाहारी जावई ते कळल्यापासून आपल्याकडे जेवलेले नाहीत. आज लेकीनं त्यांना कसंबसं तयार केलंय. तिनं मटण स्वतःच्या मनानं सोडलंय, त्यांनी सोडायला लावलं नाही, हे तुमच्या गळी कधी उतरणार?

रोलचा एक तुकडा मांजरीपुढे टाका. तिनं तोंड फिरवलं तर रोल भाजायला ठेवा, मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन. तिनं खाल्ला तर उरलेलाही तिलाच घाला आणि नवा करायला घ्या. टोफूचं दुसरं पाकीट खालच्या कप्प्यात आहे. ते मी कालच आणून ठेवलं होतं.

आल्यावर मी तुम्हाला काही विचारणार नाही. आधी मांजरीचं पोट बघेन.