बोटीवर सगळेच डुलतात

ताई,

बोटीवरून तुझ्या धाकट्याचा नमस्कार. आधीच सांगतो, गोळ्या वेळेवर घेतोय आणि जेवणात मीठ कमी आहे. आता रागावणं थांबव.

प्रवासाचा विमा काढताना तू म्हणाली होतीस, "अर्धांगाचा झटका येऊन गेला ते सांगू नकोस, कोण बघायला येतंय?" मी सगळं सांगितलं. दोन कंपन्यांनी हात वर केले. तिसरीकडच्या बाईंनी डॉक्टरांचं पत्र मागवलं, माझं डोकं खाल्लं आणि विमा दिला. लपवलं असतं, तर इथे साधी शिंक आली तरी धाबं दणाणलं असतं.

डावा हात अजून मधूनच रुसतो. पण ते तुझ्या भावजयीला कळू देऊ नकोस.

काल समुद्र खवळला. धडधाकट माणसं भिंती धरून, पाय फाकवून, नुकत्याच चालायला लागलेल्या बाळासारखी जेवायला निघाली होती. मी आपला काठी टेकत, पाय ओढत, रोजच्यासारखा टेबलापर्यंत पोचलो. एका गृहस्थांनी विचारलं, "कुठे शिकलात हो हे?" म्हटलं, "दवाखान्यात!"

भाऊजींचा गुडघा कसा आहे? त्यांनाही बोटीवर पाठव, इथे कुणाला कळणार नाही.

संध्याकाळी हिला हवा खायला बाहेर नेलं. झटक्यापासून ही माझा दंड सोडत नाही, मी पडेन म्हणून. कालही घट्ट धरला होता. बोट कलली तशी डोळे मिटून म्हणाली, "मला सोडू नका हं."

तुझा,
हट्टी धाकटा