मांडणीवरची परात

मंगळवार, बेंबळी. दिवेलागण.

आज वर्गात अनुनाद शिकवला. व्याख्या पोरांनी उतरून घेतली, पण कळली कुणालाच नाही. खरं तर मलाही कुठं कळली होती?

स्वयंपाकघराच्या भिंतीमागं अण्णांचं कडबाकुट्टीचं मशीन आहे. बंद केलं की ते मंदावत जातं आणि मध्येच मांडणीवरची पितळी परात खणखणते. बाकीची ताटं गप्प. तो आवाज मला लहानपणापासून नको वाटतो. आज सकाळी परातीमागं फडकं कोंबलं. घरातली पहिली पदवीधर, सुधारणेची हौस!

संध्याकाळी अण्णा कडबा कापून आत आले, तर चहाच नाही.

"मशीन बंद झालं व्हय? परात कुठं बोलली?" आई म्हणाली. तिला कमी ऐकू येतं, पण परात हाताशीच असते. मग तिला फडकं दिसलं. "बाय माझे, परात वाजली की म्या चहा टाकती!"

अण्णा हसले. "शिकली, अन् परातीचं तोंड बांधलं!"

तेव्हा कुठं मला कळलं. भरवेगात परात गप्प असते. मशीन मंदावताना त्याचे हादरे एका क्षणी परातीच्या स्वतःच्या थरथरीशी जुळतात, तेवढ्यातच ती वाजते. ताटांची थरथर वेगळी.

मी फडकं काढलं. अण्णांनी मुद्दाम मशीन चालू करून बंद केलं. परात खणखणली, आईनं गॅस पेटवला.

उद्या परात शाळेत नेऊ का विचारलं, तर म्हणाली, "अन् तुझ्या अण्णांचा चहा?"

पोरांनाच घरी आणते.