स्टँडावर फुटलेली नागली

सरकारने माझं नागलीचं बी फोडलं! आधी हे ऐका, रामराम मागाहून.

तर विहीणबाई रुपीबाईंना सूर्यमाळच्या काशीचा रामराम. तुमचे गुडघे कसे आहेत, व्याह्यांचा खोकला गेला का, हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते. माझं म्हणाल तर रागाने अंग तापलंय, बाकी बरी आहे.

आमच्या घरात उंदीर फार, म्हणून माझ्या सासूच्या वेळचं उशिरा पिकणाऱ्या गरव्या नागलीचं बी मी तुमच्या सुनेकडे, म्हणजे माझ्या चंदाकडे, जव्हारला पत्र्याच्या पेटीत ठेवलेलं. रोपं करायचा राब भाजून झाला, म्हणून बी आणायला गेले. परत येताना स्टँडावर ही गर्दी! मी आपलं गाठोडं लायनीत ठेवलं आणि सावलीला जाऊन बसले. (विहिरीवर हंडा ठेवून नंबर लावतो तसंच. हंड्याला कधी कोणी विचारलं का, तुझी मालकीण कुठंय?) भोंग्यावर सारखं सांगत होते, बाहेरच्या देशातले अतिरेकी घातपात करतील, बेवारस सामानाला हात लावू नका. मला बरंच वाटलं. म्हटलं, सरकार शहाणं झालं, आता माझं गाठोडं कोणी उचलत नाही. डोळा लागला.

जाग आली तर स्टँड रिकामा, चहूकडून दोरी बांधलेली, आणि गाठोड्यासमोर पोलिसांचा काळा कुत्रा ऐटीत बसलेला. तो बसला म्हणजे आत बॉम्ब, असं म्हणे. अरे, कुत्रा बसला म्हणजे आत सुकट! पाड्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. मी ओरडत धावले तर दोन पोलिसिणींनी मला उचलून मागे नेलं, आणि चिलखत घातलेल्या गड्याने लांबूनच पाण्याचा असा फवारा मारला की गाठोडं फुटून नागली पार रसाच्या गाड्यापर्यंत उडाली. आम्ही उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरायचा, आणि सरकारकडे सुकटीवर मारायला पाणी आहे!

वर साहेब मलाच विचारतो, आजी, बाहेरच्या कुठल्या संघटनेशी संबंध? म्हटलं, बाबा, पाड्यावरच्या बचत गटाशीच राहिला नाही, भांडून बाहेर पडले. मग म्हणे, बाहेरून तुमच्याकडे कोण येतं? म्हटलं, टँकर. तोही आला तर. शेवटी माफी मागून चहा पाजला. चहा पेरू का राबात?

अतिरेक्यांना धरा की, चांगलं आवळून धरा. माझा पोरगा माघ्या मुंबईत बिगारीवर आहे, तिकडे काही फुटलं की त्याचा फोन लागेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही. पण त्यांच्या बॉम्बाने गेलं नाही ते माझ्या घरचं बी ह्यांच्या बंदोबस्ताने गेलं, त्याचं काय? पाऊस तोंडावर आला आणि माझा राब मोकळा पडलाय.

कळावं, काशी.

ता. क. – गेल्या वर्षी ह्याच बियातलं सूपभर मी तुम्हाला दिलं होतं, आणि जामसरच्या त्या खडकात ते उगवायचं नाही असं मीच सगळीकडे बोलत फिरले होते. उगवलं असं ऐकते. कणसंही भरली म्हणे. सूपभर परत द्या.

आणखी ता. क. – ती सुकट तुम्हीच चंदाकडे माझ्यासाठी पाठवली होती. साहेबाने विचारलं, कोणी दिली? मी नाव सांगितलं नाही. अजून तरी.

उत्तर चंदाने लिहायचं नाही, जावयाने फोन करायचा नाही. उत्तर गाठोड्यात बांधून तुम्हीच आणायचं, आणि स्टँडावर ते मांडीवरून खाली ठेवायचं नाही.