राणीच्या रुपयाचं भोक

१२ जानेवारी १९९२
बाबा गेल्यानंतर त्यांची ट्रंक आज उघडली. रत्नपालला आजोबांचं खिशातलं घड्याळ मिळालं, मला रुपया. आजोबा महूला पलटणीत होते तेव्हाचा, चांदीचा, राणीच्या तोंडाचा. घड्याळ बंद पडलेलं आहे तरी रत्नपाल खूश दिसला. मुद्दाम दिसला असणार. मग मीही खूश दिसलो. मोठा भाऊ आहे शेवटी.
रुपयाला भोक आहे, राणीच्या डोक्याच्या जरा वर. असो.

१५ जानेवारी, सकाळी
मिलच्या गेटवर जाऊन आलो. कुलूप तेच. ती उघडणार हे मी सोडून कुणालाच वाटत नाही.
रत्नपालने त्याच्या एसटीडी फोन-बूथवर बसायला बोलावलंय. हा मिल बंद व्हायच्या आधीच सोडून मोकळा झाला. लोक म्हणतात हुशार. मी म्हणतो घाबरट. आता पिवळा बोर्ड काय, काचेची केबिन काय, गोल फिरणारी खुर्ची काय! धाकट्याच्या दुकानात बसून लोकांना नंबर लावून देऊ? नाही म्हणून सांगितलं. घरी बायकोने, इंदिराने विचारलं, मग घर कशावर चालवणार? म्हटलं, रुपया आहे. ती हसली की रडली कळलं नाही. पोळ्या लाटत होती, पाठमोरी.

१९ जानेवारी
भोकाचा उलगडा झाला. आंघोळ करताना.
लढाईत शौर्य दाखवणाऱ्या शिपायाला साहेब लोक रुपयाला भोक पाडून छातीवर लावायला देत असणार. पुरावा: आजोबा शूर होते. म्हणजे भोकामुळे किंमत कितीतरी वाढली.
हे एसटीडीवर जाऊन सांगितलं. केबिनमध्ये एक बाई नागपूरला बोलत होती, म्हणून जरा मोठ्याने सांगावं लागलं. रत्नपाल म्हणाला, बढिया है दादा. रुपया बघायला मागितला नाही. जळतो.

२ फेब्रुवारी
रत्नपालला मुलगी झाली. पिंकी म्हणतात. आई दिवसभर तिकडेच, मांडी घालून. आमच्या मुलाच्या वेळी तिचे गुडघे दुखत होते, हे मला पक्कं आठवतं.
संध्याकाळी आई म्हणाली, किसन, तो रुपया पोरीला दे, काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालते, नजर लागत नाही. मी सगळं समजलो. रत्नपालला स्वतः मागायची हिंमत नाही, म्हणून दात न आलेल्या पोरीला पुढे केलंय.
संकल्प: उद्याच सराफ्यात जाणे. पहिला भाव सांगतील तो घ्यायचा नाही. दुसराही नाही.

३ फेब्रुवारी
डोकं दुखत होतं. शिवाय सोमवारी सराफ मूडमध्ये नसतात.

५ फेब्रुवारी
सराफ्यात गेलो. जुन्या नाण्यांचे जाणकार म्हणून बाळकृष्णजींचं नाव आहे. भिंग लावून बराच वेळ बघत होते, तेव्हा मी मनात मारुती गाडीचा रंग ठरवत होतो. लाल. रत्नपालची स्कूटर निळी आहे.
मग म्हणाले, भिया, चीज तो बढिया थी, ये साल का सिक्का रोज नी मिलता. पर इसमें छेद किसने कर दिया? अब तो चांदी के भाव जाएगा.
शौर्याची गोष्ट सांगितली. त्यांनी चहा मागवला. एकच.

त्याच दिवशी, रात्री
शांतपणे विचार केला. भोक नंतरचं आहे. बाबांच्या आजारपणात ट्रंकेजवळ कोण झोपायचं? रत्नपाल. बोर्ड बसवायला ड्रिल मशीन कुणी आणलं होतं? रत्नपालने. मला मोठं होऊ द्यायचं नाही, म्हणून माझ्या रुपयाला भोक पाडलं. उद्या सगळ्यांसमोर विचारणार.

६ फेब्रुवारी
विचारलं. एसटीडीवर गर्दी चांगली होती.
रत्नपालने मागच्या घरातून आईला बोलावलं. ती पिंकीला दुपट्यात गुंडाळून घेऊन आली आणि रुपया बघून हसायलाच लागली. म्हणे, अरे, हे तर तुझ्याच पायी! रत्नपाल झाला तेव्हा तू तीन वर्षांचा. आत्याने त्याच्या गळ्यात चांदीचा ताईत घातला, तर तू अंगणात लोळण घेतलीस. मलाही पाहिजे. जेवेना, झोपेना. शेवटी आजोबांनी जपून ठेवलेला रुपया काढला, सोनाराकडून भोक पाडून आणलं नि तुझ्या गळ्यात बांधला. तेव्हा कुठे गप्प बसलास. मग पाळण्यापाशी जाऊन त्याला दाखवत होतास.
केबिनमधला माणूस फोन कानाला तसाच धरून ऐकत होता. मीटर चालू होता, त्याचं त्याला पडलं नव्हतं.
रत्नपाल म्हणाला, रहने दे ना आई, बच्चा था वो. मग मला म्हणाला, दादा, जागा अजून रिकामी आहे.
आईची स्मरणशक्ती आता पहिल्यासारखी राहिलेली नाही.

९ फेब्रुवारी
उद्यापासून एसटीडीवर बसतोय. मिल उघडेपर्यंतच. फिरणारी खुर्ची मला, ही अट घातली. रत्नपाल लगेच हो म्हणाला, तो स्टुलावर बसणार आहे. आज बसून बघितलं. खुर्ची करकरते. स्टूल बरं दिसतं.
दुपारी आई काळा दोरा घेऊन आली, रुपया मागायला. दोरा मी ठेवून घेतला.
रुपया आता माझ्या गळ्यात आहे, शर्टाच्या आत. आईने बघितलं.
घातल्यावर आधी गार लागतो. मग अंगाला लागून ऊबदार होतो. तेव्हाही व्हायचा.