नेपाळमधून आलेला फोन

ती. आईस अक्षयाचा नमस्कार.

पुरामुळे इथला मोबाइलचा टॉवर बंद आहे, म्हणून पत्र. बातम्या बघून तू घाबरली असशील. घडलं ते असं:

१. मंगळवारी नेपाळच्या डोंगरात जोराचा पाऊस झाला.
२. मी सीमेच्या अलीकडे नदीचं पाणी मोजते, तसं तिथे मोजणाऱ्या टेकनाथजींनी मला थेट फोन केला.
३. आमच्या काठावरचं गाव दुपारीच उंचावरच्या शाळेत हललं. पूर संध्याकाळी आला.
४. माणसं, गुरं सगळी सुखरूप. मीसुद्धा.

एरवी ही खबर दोन्ही देशांच्या कचेऱ्यांतून फिरत येते. गेल्याच महिन्यात बैठकीत, कोणाची मोजणी खरी यावरून मी आणि टेकनाथजी कडाडून भांडलो होतो. फोनवर मात्र ते मला नेपाळीत धाकटी बहीण म्हणत म्हणाले, "बहिनी, भांडण नंतर. आधी म्हशी वर घ्या!"

शाळेत बायका खिचडी रांधताना गात होत्या. मीही गायले. आप्पांना सांगू नकोस, चिडवतील. त्यांचा गुडघा कसा आहे?

अठ्ठावीस तारखेला पुन्हा बैठक आहे. असा थेट फोन कायमचा सुरू करा, असं आम्ही दोघं मिळून सांगणार आहोत. वरिष्ठांना न विचारता गाव हलवलं म्हणून मला थोडी बोलणी बसतील. बसू देत.

त्या दिवशी फोन ठेवताना आभार कसे मानू विचारलं, तर टेकनाथजी म्हणाले, "रत्नागिरीची ना तू? मग आंबा दे!" आता ऑगस्टात आंबा कुठला? तू वाळवलेली आंब्याची साठं उरली असतील, तर बैठकीला घेऊन जाईन. पाठवता येतील का, ते वीस तारखेपर्यंत नक्की कळव.

तुझी,
अक्षया