सस्पेन्शन

पार्से, २८ जुलै २०१७

प्रिय साईश,

फोनवर बोललं की शेजारच्या खाटेवरून आई ऐकते, आणि मेसेज केला की तू नुसता अंगठा दाखवून मोकळा होतोस. म्हणून हे पत्र तुझ्याकडे दुबईला निघालेल्या सगुणकडे देते आहे.

आधी तुझ्या लाडक्या गाडीचं. सासरी, साखळी गावात, ह्यांच्या गॅरेजात बसून मीही चार गोष्टी शिकले आहे, तेव्हा विचारलंस तर ऐक. शुक्रवारी ट्रॅकवर पळवायची असेल तर कॉइलओव्हर, म्हणजे घट्ट स्प्रिंगचं सस्पेन्शन, घाल. वजनाला हलकं, एकदा उंची बांधून दिली की वळणावर गाडी जमीन सोडत नाही; हाडं मात्र खिळखिळी होतील. एअर सस्पेन्शन मऊ, बटण दाबलं की गाडी वर, दाबलं की खाली. पण कुठे हवा सुटली की बसकण मारणार. तुला जिंकायचंही आहे आणि मिरवायचंही. लहानपणापासून तुझं हे असंच.

परवाच्या रविवारी तू फोनवर म्हणालास, सस्पेन्शनने डोकं फिरवलंय. ते आईने ऐकलं. तिला सस्पेन्शन एकच ठाऊक, बाबांना खाणीवरून सस्पेंड केलं होतं ते. आठवतं तुला? त्या वर्षी चतुर्थीला बाबा पहिल्यांदाच पूर्ण वेळ घरी होते. रानातून कांगलांची फळं आणून त्यांनी स्वतः गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधली. बाकी सगळे काळजीत, आणि आई मात्र हसतमुख.

तू फोन ठेवलास आणि ती म्हणाली, "झिलाक सस्पेंड केलो? बरें जालें. आतां घराक येतलो." अंगावरून वारं गेल्यापासून इतकं स्पष्ट ती बोललीच नव्हती. तुझी नोकरी शाबूत आहे, ते गाडीचं सस्पेन्शन, हे मी तिला सांगितलं नाही. तेव्हापासून दोन घास जास्त खाते. यंदा माटोळी तू बांधणार म्हणून सुपाऱ्यांचा घोस कुणाकडून आणायचा ते मला रोज बजावते.

डॉक्टर चतुर्थीपर्यंतची खात्री देत नाहीत. आणि तू येणार नाहीस. सुट्टी मिळत नाही म्हणतोस, मग मी तुझे ट्रॅकवरचे फोटो बघते. आता मागणं संपलं माझं, रागवायचं बळही उरलेलं नाही. एवढंच कर. रविवारी फोन करशील तेव्हा गाडीचं नाव काढू नकोस. तिने विचारलं, तर सांग, अजून कामावर घेतलेलं नाही.

तुझीच,
सत्यवतीताई